यंत्राची स्मृती

महाड तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत तळीये नावाचे गाव आहे. 2021 साली जुलै महिन्याच्या 22 तारखेस मुसळधार पावसाने तेथील डोंगराचा कडा खचला व पाहता पाहता एक वाडी मातीखाली गडप झाली. ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. घरांबरोबर घरांतील पेट्या आणि पेट्यांतील कागदही गेले. गेलेले माणूस परत येत नाही. परंतु मागे राहिलेल्यांना हे शेत आमचे, हे नाव आमचे, असे सांगण्यासाठी कागदाचाच आधार लागतो. पेटीतला सातबारा मातीत गेला, तरी जमिनीची नोंद गावाबाहेर सरकारी दप्तरात असते. महाराष्ट्रात ती आता संगणकातही ठेवलेली असते.

अनेक संगणकांतील नोंदी ज्या भागात राहतात, त्यास हार्ड डिस्क म्हणतात. तिच्यात चुंबकीय लेप दिलेल्या गुळगुळीत चकत्या असतात. त्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात. त्यांवरून एक बारीक दांडी सरकते. तिच्या टोकाचा ‘हेड’ नावाचा भाग चकतीला न शिवता, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगत लिहितो आणि वाचतो. आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीने 1956 साली पहिली हार्ड डिस्क तयार केली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या 50 चकत्या होत्या. वजन सुमारे एक टन. पण मावत असत केवळ 50 लाख अक्षरे!

जे अहोरात्र फिरते ते झिजतेच. कित्येक शाळांतून व लहान कचेऱ्यांतून जुने संगणक काम करीत असतात. त्यांचा पडदा ठीक असतो, कळफलक ठीक असतो. हार्ड डिस्क मात्र थकलेली असते. फाळ झिजला म्हणून शेतकरी नांगर टाकून देत नाही. तो नवा फाळ बसवून घेतो. तसाच जाणता कारागीर केवळ डिस्क बदलतो. मात्र नवी डिस्क जुन्या यंत्राला जुळावी लागते. पूर्वीच्या डिस्कना 40 टाचण्यांची रुंद पट्टीसारखी तार जोडीत. पुढे अरुंद जोडणी आली. जोड जुळला नाही, तर उत्तम डिस्कही निरुपयोगी ठरते.

याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे. नवा फाळ लावताच नांगर पूर्ववत चालतो; नवी डिस्क मात्र कोरी येते. जुनीतील नोंदी तिच्यात उतरवल्या नाहीत, तर यंत्र चालू होईल, पण त्याला काहीच आठवणार नाही. म्हणून डिस्क टकटक असा आवाज करू लागली, काम मंदावले, की शहाणा मनुष्य वाट पाहत नाही. ती चालू आहे तोवरच तो सर्व नोंदींची नक्कल करून घेतो, आणि आणखी एक नक्कल दुसऱ्या गावी ठेवतो. एकाच छपराखाली ठेवलेल्या दोन प्रती एकाच पुरात वाहून जातात. दूर ठेवलेली एक प्रत मात्र पूर ओसरल्यावर माणसाच्या हाती येते.