विजेची शाखा

बारावीचा निकाल लागलेले मूल घरात असले म्हणजे ते घर काही दिवस सार्वजनिक मालमत्ता होते. कांदिवलीत, जिथे समोरच्या इमारतीतली फोडणी आपल्या खिडकीत शिंकायला लावते, तिथे तर होतेच होते. आमच्या कन्येने प्रवेशाच्या फॉर्मवर पहिल्या पसंतीला 'विद्युत अभियांत्रिकी' लिहिले आणि दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये मला विचारणा झाली, "कॉम्प्युटरला मार्क कमी पडले का हो?"

मार्क कमी पडले नव्हते. चार मजल्यांच्या प्रवासात हे नीट सांगता आले नाही, म्हणून इथे सांगते.

घरात तरी एकमत कुठे होते? आमच्या सासूबाई अजूनही लाईटच्या बिलाला 'बीएसईएसचे बिल' म्हणतात. ती उपनगरी कंपनी 1929 सालची; पुढे ती रिलायन्सची झाली, 2018 पासून अदाणींची. पण त्यांच्या लेखी वीज देणारा बदललेला नाही आणि विजेची भीतीही. "चार वर्षं शिकून पोर खांबावर चढणार?" हा त्यांचा एकच प्रश्न. घरचे गृहस्थ बँकेत. ते काही बोलले नाहीत. मात्र कॉम्प्युटरवाल्यांच्या आणि विजेवाल्यांच्या पहिल्या पगाराचे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी मांडून तो कागद सहज दिसेल असा टेबलावर ठेवला. बँकेतली माणसे भांडतात ती अशी.

माझा विजेशी संबंध शब्दांपुरता. मुंबईत 'वीज गेली' असे कोणी म्हणत नाही. 'लाईट गेली' म्हणतात, मग भर दुपारी नुसता मिक्सर का थांबेना. 'वीज' म्हटले की आपल्याला आभाळ आठवते. सरकारी मराठीला नावे ठेवण्याची रीत आहे, पण ह्या खात्यात तिने चांगले टिकाऊ शब्द दिले : जनित्र, वाहिनी, रोहित्र. रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर. वर्गात हा शब्द विचारला तर मुंबईची मुले त्याला संस्कृत नाटकातले पात्र समजतात. बीड-परभणीकडून आलेला एखादा मुलगा मात्र अर्थ चटकन सांगतो, कारण रोहित्र जळाले की त्याच्या घरच्या विहिरीवरचा पंप थांबतो आणि उभे पीक माना टाकते. 'भारनियमन' हा शब्दही 2000 नंतरच्या दशकात अवघ्या महाराष्ट्राने घाम गाळून पाठ केला. मुंबईकराला तो वर्तमानपत्रापुरताच कळला.

त्यामुळेच 12 ऑक्टोबर 2020 चा सोमवार मुंबईकराच्या जिव्हारी लागला. सकाळी दहाच्या सुमाराला मी घरातूनच वर्ग घेत होते. तो पडद्यावरून नाहीसा झाला. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. कळवा-पडघ्याकडच्या उच्चदाब वाहिन्या बंद पडल्या होत्या, आणि अशा प्रसंगी मुंबईला राज्याच्या जाळ्यातून वेगळे काढून जगवणारी 1981 सालापासूनची व्यवस्थाही त्या दिवशी तग धरू शकली नाही. हे सगळे मागाहून कळले. त्या क्षणी आठवीतली आमची मुलगी एवढेच म्हणाली, "आई, लाईट गेली म्हणजे कुठे गेली?"

व्याकरणाच्या बाईंना हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. तिने तो दुसऱ्या मजल्यावर नेला.

दुसऱ्या मजल्यावर 'बोर्डातले काका' राहतात. वीज मंडळाची 2005 साली महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशी वाटणी झाली, काका नंतर निवृत्तही झाले, पण आमच्या इमारतीत ते अजून बोर्डातच आहेत. त्यांनी तिला जाते डोळ्यांपुढे आणायला सांगितले. दोघी दळताहेत, जाते एका लयीत फिरते आहे. कोणी एकदम मोठा घास टाकला तर जाते जड होते, फेरा मंदावतो. घास कमी पडला तर ते भरधाव सुटते. वीज साठवून ठेवणे जिकिरीचे; त्यामुळे ज्या क्षणी जेवढी मागणी, त्या क्षणी तेवढीच निर्मिती व्हावी लागते. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत ह्या जाळ्याला जोडलेली सारी जनित्रे एका ठेक्यात फिरतात, आणि त्यांचा ठेका 49.90 ते 50.05 हर्ट्झ एवढ्या चिमटीत ठेवायचा असतो. आपल्या राज्यापुरते हे काम ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रात रात्रंदिवस चालते. "आपण बटण दाबतो तेव्हा कोणीतरी जात्याला हात लावतं," काका म्हणाले. मला वाटते, शाखा त्या दिवशीच ठरली; फॉर्म भरायला पाच वर्षे लागली एवढेच.

काकांची उमेदीची वर्षे पोफळीत गेली. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरते आणि डोंगरात कोरलेल्या विद्युतगृहात जनित्रे फिरवते. सगळे टप्पे मिळून क्षमता दोन हजार मेगावॉटच्या घरात. पण लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातलेली. म्हणून ते पाणी पुरवून पुरवून, मुख्यतः मागणी चढते त्या घटकेला वापरायचे. औष्णिक केंद्र पेटवून तयार व्हायला कित्येक तास घेते. पाण्यावरचे जनित्र काही मिनिटांत उभे राहते. आता सौरऊर्जा वाढल्यापासून तर ह्या चपळाईला मोलच आले आहे. दुपारी वीज उदंड, आणि दिवेलागणीला सूर्य नेमका रजेवर. ही दुपारची वीज रात्रीपर्यंत कशी न्यायची, खालचे पाणी पुन्हा वर चढवून की बॅटऱ्यांत भरून, हेच ह्या शाखेतल्या आजच्या मुलांपुढचे मोठे गणित आहे.

टेबलावरचा तो कागद मी एकदा काकांपुढे ठेवला. काकांनी काही लपवले नाही. पहिला पगार संगणकवाल्यांपेक्षा बहुधा कमी. राज्याच्या कंपन्यांची भरतीची जाहिरात कधी निघेल ह्याचा नेम नाही. निघाली तर कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ, कुठेही जायची तयारी हवी. केंद्राकडे जायचे, म्हणजे एनटीपीसी, पॉवरग्रिड, अणुऊर्जा, तर बहुधा 'गेट' परीक्षेचा उंबरठा ओलांडावा लागतो. रेल्वे आहे, मेट्रो आहे. आपल्या कुशीतून जाणारा बोरिवलीपर्यंतचा लोहमार्ग 1928 साली विजेवर आला आणि 2012 साली त्याचा जुना 1500 व्होल्टचा प्रवाह जाऊन 25 हजारांचा आला. चालत्या लोकलखाली हा बदल करणारे कोणी तरी विजेचेच अभियंते होते. शिवाय नवी मुंबईतली डेटा केंद्रे. "ज्या कॉम्प्युटरला तुम्ही सगळे पाठवताय, तो चालतो कशावर?" काका हसले. मात्र वर्गातली निम्मी मुले शेवटी सॉफ्टवेअरमध्येच जातात, हेही त्यांनीच सांगितले. मला ते ऐकून, कबूल करायला हरकत नाही, थोडे बरे वाटले होते.

मग ते अचानक गंभीर झाले. वाहिनीवर काम करायचे तर आधी ती बंद करून, तपासून, जमिनीला जोडून मग परमिट देतात. परमिटावर अधिकाऱ्याची सही असते. तिच्या भरवशावर माणूस खांबावर चढतो. त्यांच्या ओळखीच्या एका उपविभागात वादळानंतर अशीच वाहिनी बंद केली होती. कागद चोख होते. पण पलीकडच्या एका खानावळीने आपला जनरेटर सुरू केला आणि ती वीज उलट्या वाटेने वाहिनीत शिरली. वाहिनी जमिनीला जोडायची ती एकाच बाजूने जोडली होती. चढलेला माणूस खाली उतरला नाही. सही करणारा अभियंता तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. "त्यानं पुढे नोकरी सोडली नाही," काका म्हणाले, "पण रिटायर होईपर्यंत प्रत्येक परमिट स्वतः जागेवर जाऊन दिलं."

मी रोज कितीतरी सह्या करते. हजेरीपटावर, उत्तरपत्रिकांवर, रजेच्या अर्जावर. त्यांतल्या एकीनेही कोणाचा जीव तोलून धरलेला नाही. परतताना जिन्यात मुलीला म्हटले, "अजून वेळ आहे, कॅपची फेरी उद्या बंद होते." ती म्हणाली, "आई, दोन्ही बाजूंनी अर्थिंग केलं असतं तर तो वाचला असता ना?" मग मी गप्प बसले.

सासूबाईंसाठी मात्र मी एक दाखला शोधून ठेवला होता. ए. ललिता ह्या भारतातल्या पहिल्या स्त्री विद्युत अभियंत्या. अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात तान्ही मुलगी; अशा स्थितीत त्या मद्रासजवळच्या गिंडी महाविद्यालयातून 1940 च्या दशकात पदवीधर झाल्या आणि पुढे भाक्रा-नांगलच्या वाहिन्यांच्या आराखड्यांवर त्यांनी काम केले. त्यांच्या पदवीपत्रावर छापलेले इंग्रजी 'ही' खोडून वर 'शी' लिहावे लागले होते, असे सांगतात. पदवीपत्र मराठीत असते तर 'ही'च बरोबर ठरली असती! सासूबाईंना व्याकरणातली गंमत कळली नाही, पण तान्ह्या मुलीचे ऐकून त्या म्हणाल्या, "मग तिची आई सांभाळत असणार पोरीला." आणि थोड्या वेळाने, "परळीला थंडी फार असते का गं?"

कन्येला अंधेरीला प्रवेश मिळाला. सकाळी कांदिवलीला धीम्या गाडीत शिरणे ही वेगळीच प्रवेश परीक्षा. ती रोज उत्तीर्ण होते. टेबलावरचा कागद हल्ली दिसत नाही. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर मला एक बेरीज सापडली : आपल्या इमारतीतल्या सगळ्या घरांनी एकाच वेळी गीझर लावले तर काय होईल. उत्तर लाल शाईत दोनदा अधोरेखित केलेले होते.

दिवाळीच्या सुटीत काका तिला पोफळी दाखवायला नेणार आहेत, परवानगी मिळाली तर. अर्ज ती स्वतःच लिहिते आहे. काल रात्री स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारत होती, "आई, 'भूमिगत'मधला 'भू' ऱ्हस्व की दीर्घ?"