भाता

आमचे आजोबा लोहारकाम करीत. सुटीच्या दिवशी भाता ओढण्याचे काम माझ्याकडे आणि माझ्या थोरल्या भावाकडे, म्हणजे दादाकडे असे. भात्याच्या एकेका उसाशासरशी कोळशावर हवेचा झोत पडे आणि काळपट निखारे आधी लाल, मग पिवळे होत. एकदा आजोबा दारात कोणाशी बोलत उभे असताना मी जिवाच्या कराराने भाता ओढीत राहिलो. भट्टीतल्या कोयत्याचे पाते पांढरे झाले आणि त्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या. मला ती मोठी शोभा वाटली. आजोबांनी पाते बाहेर काढले, ऐरणीवर ठेवून हातोड्याचा एक घाव घातला, आणि त्याचा तुकडा पडला. "लोखंड जळालं," एवढेच ते म्हणाले. मला ते रागावले नाहीत, म्हणूनच कदाचित ते शब्द माझ्या लक्षात राहिले.

पुढे मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभा राहिलो आणि तेथेच माझे आयुष्य गेले. शेतीच्या पंपांना लागणाऱ्या तेल-इंजिनांवर हे उद्यमनगर वाढले. आज आमच्या फाउंड्रींतून मोटारींच्या इंजिनांचे ओतीव भाग देशभर जातात. अशा गावात जन्मलेल्या मुलांना यंत्र उघडून पाहण्याची ओढ असावी यात नवल नाही. माझ्या पुतण्यालाही ती होती. २०१७ सालच्या फेब्रुवारीत तो एका संध्याकाळी माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "काका, बाबांच्या गाडीला टर्बो बसवायचाय."

दादाची गाडी म्हणजे २००४ साली घेतलेली मारुती ८००. दादा जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. या दोन वर्षांत मुलगा अबोल झाला होता. माझ्याकडे तो येत नसे, आला तरी वहिनींनी दिलेला डबा ठेवून निघून जाई. त्या दिवशी मात्र तो तासभर बोलत बसला.

टर्बो म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाला पेट्रोलइतकीच हवेची भूक असते. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ भाग हवा लागते. साधे इंजिन ही हवा आपल्या श्वासाने ओढून घेते, त्यामुळे जेवढी छाती तेवढीच ताकद. टर्बो हा इंजिनाचा भाता. फरक इतकाच की तो ओढायला कोणी मूल बसवावे लागत नाही. धुराड्यातून वाया जाणारा तप्त धूर एका चक्राला फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. दांड्याचा वेग मिनिटाला लाख फेऱ्यांच्याही वर जातो. १९०५ साली आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या धुरातूनच बळ निर्माण करण्याची ही युक्ती मला आजही थक्क करते.

आमच्या मारुतीचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे, सुमारे ३७ अश्वशक्तीचे. पुतण्याचा हिशेब साधा होता. वातावरणाच्या दीडपट दाबाने हवा दिली तर ताकदही दीडपटीजवळ जाईल. मी मान हलवली, पण शंका काढली, की एवढ्याशा इंजिनाला हे झेपेल का? त्याचे उत्तर तयार होते. "काका, सुझुकीनं स्वतः बसवलाय की जपानात! १९८७ची अल्टो वर्क्स. इंजिन ५४३ सीसीचं, आणि ताकद ६४."

तो खरे बोलत होता. ती गाडी आमच्या मारुतीच्याच घराण्यातली. पण सुझुकीने तिला केवळ भाता जोडला नव्हता. त्या भात्याचा जोर सोसेल असे इंजिन कारखान्यातच बेतले होते आणि पेट्रोल, थंडावा, ब्रेक यांचा मेळ त्याच्याशी घातला होता. हे सर्व मला त्या क्षणी सुचले. मी म्हणालो मात्र इतकेच, "बघू या."

मुलाजवळ साठवलेले ४५ हजार रुपये होते. गाडी विकली असती तर तेवढे आले नसते. त्याने वहीत दोन पाने भरून यादी केली होती. टर्बो, त्याला धूर पोहोचवणारा मॅनिफोल्ड, तेलाच्या नळ्या, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, जास्त पेट्रोल देणारे इंजेक्टर, गाडीच्या संगणकाला नवे गणित शिकवण्याचा खर्च, मिश्रण मोजणारा मापक, मजबूत पिस्टन. बेरीज सव्वा लाखावर गेली. मग खाटखूट सुरू झाली. टर्बो एका डिझेल मोटारीच्या भंगारातून आठ हजारांत मिळाला. मॅनिफोल्ड मी स्वतः वेल्डिंग करून दिला, त्याच्या फ्लँज लेथवर काढल्या, तेल परत जाण्यासाठी चेंबरला भोक पाडून नळी उताराने बसवली. हे सारे डोळ्यांना दिसणारे सामान. इंटरकूलर, मापक, संगणकाचे गणित, पिस्टन यांवर त्याने एकेक करून रेघ ओढली. जास्त पेट्रोल मिळावे म्हणून पेट्रोलचा दाब थोडा वाढवण्याची एक स्वस्त युक्ती करून ठेवली.

ती वही माझ्यासमोर उघडी होती. प्रत्येक रेघेचा अर्थ मला कळत होता. हवा दाबली की ती तापते. तीस अंशांची हवा दीडपट दाबली तर ती सहज ऐंशीच्या पुढे जाते. तशी तप्त हवा आणि अपुरे पेट्रोल सिलिंडरात गेले की ठिणगी पडल्यावर मिश्रण शिस्तीने जळत जात नाही, त्याचा उरलेला भाग एकदम भडकतो. त्या धक्क्याने पिस्टन फुटतो. डिझेल इंजिनात इंधन अखेरच्या क्षणी शिंपडले जाते, म्हणून तेथे हे भय नसते आणि म्हणूनच टर्बो तेथे सुखाने नांदतो. शिवाय पेट्रोलचा धूर डिझेलच्या धुरापेक्षा पुष्कळ तप्त. गाडीच्या संगणकाला तर वातावरणाहून अधिक दाब असू शकतो हेच ठाऊक नव्हते.

माझ्या शेजारच्या गाळ्यातले मिस्त्री तरुणपणी तालमीत घुमलेले. त्यांनी जोडकाम पाहिले आणि म्हणाले, "पैलवानाचा खुराक वाढवायचा तर आधी हाडं बघावी लागत्यात. नुसतं बदाम चारून पैलवान हुत न्हाई." पुतण्या हसला. मीही हसलो.

मी का बोललो नाही, हे पुढे अनेकदा स्वतःला विचारले. मला अज्ञान नव्हते. फेब्रुवारी ते मे हा मुलगा रोज संध्याकाळी माझ्याकडे येत होता. हात काळे करीत, चहा पीत, अधूनमधून आपल्या बाबांविषयीही बोलत होता. दादाला गाडीची किल्ली खिशात वाजवायची सवय होती, ही आठवण त्याने मला दिली. मी ती विसरलो होतो. मी 'नको' म्हटले असते तर या संध्याकाळी संपल्या असत्या. मला त्या गमवायच्या नव्हत्या. त्यांची किंमत मी त्याच्या ४५ हजारांतून आणि दादाच्या गाडीतून चुकवली.

मे महिन्यात गाडी सुरू झाली. सपाटीवर ती अशी काही पळाली की मलाही तरुण झाल्यासारखे वाटले. टर्बोची ती बारीक शीळ ऐकून मुलाच्या चेहऱ्यावर जे हसू आले ते मी दादा गेल्यानंतर प्रथमच पाहिले. दोन आठवडे सारे ठीक चालले. मग एका रविवारी दुपारी आम्ही दोघे पन्हाळ्याला निघालो.

वाघबीळ ओलांडून चढ लागला. ऊन मी म्हणत होते. मुलाने पाय दाबला आणि मला इंजिनातून एक आवाज ऐकू आला, पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा. चाळीस वर्षे यंत्रांच्या संगतीत काढलेल्या माणसाला तो आवाज कोणी समजावून सांगावा लागत नाही. "पाय काढ," हे दोन शब्द माझ्या ओठांवर होते. मी त्याच्याकडे पाहिले. तो हसत होता. मी मनाशी म्हटले, पुढच्या वळणावर सांगतो.

पुढचे वळण आले नाही. एक धपका बसला, गाडी लंगडू लागली आणि आरशात निळा धूर दिसला. मागून येणाऱ्या एस.टी.ने कर्णा वाजवीत आम्हाला कसेबसे चुकवले. भाजीच्या एका टेम्पोला दोर बांधून आम्ही खाली आलो. वाटेत कोणीच बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी हेड उतरवले. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा रिंगांमधला भाग तुटला होता, आणि वरची कड मेणासारखी वितळून खाली ओघळली होती. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, हे आम्ही दोघेही पुस्तकातून शिकलो होतो. मुलाने पिस्टन हातात घेतला, बराच वेळ फिरवून पाहिला आणि विचारले, "काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होय."

"मग बोलला का नाही?"

मी उत्तर दिले नाही. त्याने पिस्टन खिशात घातला आणि तो निघून गेला. त्यानंतर दोन महिने तो आला नाही.

त्या दोन महिन्यांत मी गाडी पूर्ववत केली. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घातले, चेंबरचे भोक बुजवले, मूळचा मॅनिफोल्ड जागेवर बसवला. खर्च माझा. हे प्रायश्चित्त होते असे म्हणण्याचा मोह होतो, पण लेथवर केलेल्या कामाने मौनाची भरपाई होत नाही.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही केले ते कायद्यालाही धरून नव्हते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणी-पुस्तकातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलापासून ढळतील असा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंतची कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. त्या एस.टी.ने आम्हाला चुकवले नसते तर विमा कंपनीपुढे वहिनींनी काय सांगितले असते, हा विचार मला आजही रात्री जागवतो.

पुढे वाचनात आले की मोठ्यांचीही अशी फजिती झाली आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर ही टर्बो बसवलेली मोटार बाजारात आली. टर्बो लावून विकल्या गेलेल्या अगदी पहिल्या मोटारींपैकी ती एक. मिश्रण भडकू नये म्हणून तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचे द्रावण एका वेगळ्या टाकीतून थेंबथेंब शिंपडले जाई. अभियंत्यांनी सर्व विचार केला होता. पण मालक ती टाकी भरायला विसरत. अनेकांनी शेवटी टर्बो काढून टाकून साधा कार्बोरेटर बसवून घेतला, आणि दोन वर्षांतच ती गाडी बंद झाली. वेगाची आठवण सर्वांना राहिली, द्रावणाची कोणालाच नाही.

२०१९ साली गाडीला पंधरा वर्षे झाली आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती तपासणीला न्यायची होती. त्या सकाळी पुतण्या दारात उभा होता. दोन महिन्यांचा अबोला केव्हाच संपला होता, पण गाडीचा विषय आम्ही दोघेही टाळीत होतो. रांगेत उभे असताना तोच म्हणाला, "काका, पिस्टन गेल्याचं मला काही वाटलं नाही. ते चुकत चुकतच शिकतात. पण तुमच्यासारखा माणूस शेजारी बसलाय, म्हणून मी पाय दाबला होता."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

आज तो एका कारखान्यात इंजिनांची चाचणी घेण्याच्या विभागात आहे. नवे इंजिन मुद्दाम थकवायचे, तापवायचे आणि ते कोठे हार मानते हे लिहून ठेवायचे, हे त्याचे काम. तो वितळलेला पिस्टन त्याच्या टेबलावर कागद दाबायला ठेवलेला असतो. मारुती अजून वहिनींच्या दारात आहे, मूळच्या ताकदीची.

उद्यमनगरातली पोरे अजूनही माझ्याकडे येतात. त्यांचीही तीच हौस, तेवढेच पैसे. मी कायदा आधी सांगतो. मग त्यांच्याकडून खर्चाची यादी मागतो आणि ज्या ओळींवर रेघ मारलेली असते त्या त्यांनाच मोठ्याने वाचायला लावतो. काही जण रागावून जातात आणि पुन्हा येत नाहीत. दुकानातली संध्याकाळ रिकामी राहते. तेवढे आता मला सोसते.