माणसापुरती ऊब

मेहकरात घर बांधायला काढलं की चर्चेला तोटा नसतो. बोअरला पाणी लागेल का, पावसाची झड कुठल्या बाजूने येईल, मे महिन्यातलं उतरतं ऊन कुठल्या भिंतीवर पडेल, कूलरची खिडकी कुठे काढायची, यावर मिस्त्रीपासून मामापर्यंत सगळे बोलतात. हिवाळ्यात हे घर तापवायचं कसं, असं मात्र कोणी विचारत नाही. दोन महिन्यांच्या थंडीसाठी नकाशावर एक रेघही जास्त ओढली जात नाही.

थंडी पडत नाही असं नाही. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. दिवाळीनंतर उत्तरेचा वारा सुटला की दिवसभर तापलेली काळी जमीन रात्रीतून आपली सगळी कमाई आभाळाला देऊन मोकळी होते. ढग असते तर त्यातली थोडी त्यांनी परत धाडली असती. त्यामुळे दुपारी बाह्या वर सारून चहा पिणारा माणूस पहाटे कानटोपी शोधत फिरतो. विदर्भाचा स्वभावच असा टोकाचा. नागपूरच्या वेधशाळेने २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद केली आणि त्याच शहरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ पर्यंत उतरला. या दोन टोकांपैकी आपण घर बांधलं ते पहिल्या टोकाला भिऊन. दुसऱ्या टोकाशी ज्याने त्याने आपापल्या अंगाने लढायचं.

जुन्या धाब्याच्या घरांनी मात्र दोन्ही टोकांचा विचार एकाच मातीत केला होता. पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, लाकडी तुळयांवर काटक्या आणि त्यावर मातीचा थर, छताला एक साणं, खिडक्या असल्या तर हातभर. दिवसाचं ऊन अशा भिंतीत शिरतं ते फार सावकाश. बाहेरची ऊब आत पोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते, आणि तोवर बाहेर गारठा सुरू झालेला असतो. दुपारची ऊब रात्रीसाठी अडवून ठेवायची ही युक्ती कोणी पुस्तकातून शिकलं नव्हतं. पण तिचा फायदा डिसेंबरात आजीच्या खोलीत शिरताच कळायचा. त्या खोलीत शेगडी नसे, तरी बाहेरची हुडहुडी उंबऱ्यापाशी थांबायची. आता धाबी गेली. ती गळत, दरसाल माती टाकावी लागे, उंदीर-विंचू निघत. माणसं टिनाखाली किंवा स्लॅबखाली आली आणि सुटली. टिन तर दिवस मावळताच गार पडतं. गळती थांबली त्याच्या बदल्यात ऊब गेली, आणि हा सौदा बहुतेकांनी आनंदाने केला.

हाच नियम जमिनीखाली आणखी ठळक दिसतो. वर्षभराच्या ऊन-थंडीची लाट काही हातांपर्यंत जाते आणि विरते, त्याखाली माती बारा महिने जवळजवळ एकाच तापमानाला असते. म्हणून विहिरीचं पाणी मे महिन्यात गार वाटतं आणि पौषात कोमट. पहाटे विहिरीच्या तोंडातून वाफ निघते ती याचीच. मेहकरापासून जवळच लोणारच्या विवराच्या काठावर धारेचं पाणी बारमाही पडतं, तिथे हिवाळ्यात अंघोळीला उभं राहणारे भाविक हुडहुडतात ते पाण्याखाली नव्हे, धारेतून बाहेर आल्यावर. पैनगंगेचं पाणी उघड्यावरून वाहतं, त्यामुळे ते आभाळासारखंच गारठतं. नदी आणि विहीर यांतला हा फरक आमच्याकडे पोहायला शिकणाऱ्या प्रत्येक पोराला शाळेच्या आधी कळतो.

उष्ण मुलखात घर तापवत नाहीत याचं नवल थंड देशातल्या माणसाला वाटतं. पण जगभर नजर टाकली तर ही रीत एकट्या वऱ्हाडाची नाही. स्पेनमध्ये गोल मेजाखाली निखाऱ्यांची परात ठेवून मेजावर जाड कापड सोडत आणि सगळं घर त्यात पाय घालून बसे. इराणातला कोरसी आणि जपानातला कोतात्सू त्याच कुळातले, फक्त कापडाऐवजी दुलई. काश्मिरात तर थंडी आमच्यापेक्षा कितीतरी कडक, पण तिथेही फेरनच्या आत पोटाशी कांगडी धरून माणूस स्वतःपुरता विस्तव घेऊन हिंडतो. खोलीभर हवा तापवायची म्हणजे छपराला, भिंतीला, कपाटामागच्या कोपऱ्यालाही ऊब द्यायची. इंधन जपून वापरणाऱ्यांना ही चैन परवडत नाही. ते माणूस तापवतात.

मेहकरच्या बाजूला हा माणूस तापतो अंगणात. शेकोटी ही आमची खरी शेगडी, आणि ती घराबाहेर असते. जाळायला पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचं पाचट, सायकलचा फाटका टायरसुद्धा, मग आजोबा ओरडतात. पऱ्हाटी चांगली वाळलेली असली की भसकन पेटते आणि तितक्याच लवकर बसते, म्हणून तिच्याखाली एखादं बाभळीचं खोड लागतं. शेकोटीला पुढून भाजतं आणि पाठ तशीच गार राहते. म्हणून दर थोड्या वेळाने सगळं वर्तुळ फिरतं, तळव्यांऐवजी पाठी आगीकडे होतात आणि बोलणं अंधाराकडे तोंड करून चालू राहतं. तिथे कोणाचं घर कोणतं हे विचारलं जात नाही. रात्री उशिरा बसमधून उतरलेला परगावचा माणूससुद्धा हात पुढे करतो आणि त्याला जागा मिळते. विस्तव ही मागून न्यायची गोष्ट होती त्या काळाची ही सवय असावी. आमच्याच जिल्ह्यात शेगावला गजानन महाराजांच्या चिलमीसाठी विस्तव द्यायला जानकीराम सोनाराने सणाचं कारण सांगून नकार दिला, त्याची गोष्ट इथल्या पोरासोरांना पाठ असते. तिच्यातला चमत्कार बाजूला ठेवला तरी उरतं ते एवढंच, की मागितलेला विस्तव नाकारणं हे लोकांच्या मनाला कधीच पटलं नाही.

या विस्तवाच्या मागे कपाशी उभी आहे. तिच्या बोंडातला कापूस दुलईत जायचा, सरकी ढोरांपुढे, आणि वेचणी संपली की वाळलेलं झाड उपटून चुलीपुढे. थंडी लागली की पिंजारी गल्लीत यायचा. त्याच्या कमानीची तार टणत्कार करायची आणि आजीच्या जुन्या गादीतला दबून दगड झालेला कापूस पुन्हा फुगायचा. कापसाची ऊब म्हणजे खरं तर त्यात कोंडलेल्या हवेची ऊब, म्हणून दरवर्षी पिंजून घ्यावं लागे. जिला नवी दुलई परवडत नव्हती तिच्याकडे गोधडी होती, लुगड्याच्या चौघडीवर धोतराचं अस्तर, आणि थरांमध्ये तीच कोंडलेली हवा. गेल्या तीसेक वर्षांत घाटावर सोयाबीन पसरलं आणि हा सगळा मेळ विस्कटला. सोयाबीनचं कुटार होतं, सरपण होत नाही. जिथे कपाशी आहे तिथेही कृषी खातं सांगतं की वेचणीनंतर पीक ठेवून फरदड घेऊ नका, पऱ्हाट्यांची गंजी बांधावर रचू नका, गुलाबी बोंडअळी त्यातच दडून राहते. सल्ला रास्त आहे. पण त्यामुळे गंजीकडे बघून यंदाची थंडी भागेल का याचा अंदाज बांधणारी म्हातारी माणसं गप्प झाली.

ऊब पोटातूनही येते. नुसता शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॉटच्या पिवळ्या बल्बाइतकी उष्णता बाहेर टाकत असतो, आणि या बल्बाला तेल लागतं. तिळात निम्म्याच्या आसपास तेलच असतं, म्हणून भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ, संक्रांतीला गुळात तीळ, अंगाला लावायला तिळाचंच तेल. शेतात गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजतात तेव्हा जेवण आणि शेकणं एकाच जाळात होतं. तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीचा उत्सव असतो तोही याच दिवसांत. उघड्या रानात पंगती बसतात आणि पुरी-वांग्याच्या भाजीचा प्रसाद ट्रॅक्टरमधून वाढत येतो. लाखांच्या त्या पंगतीत खांद्याला खांदा लावून बसलेल्या माणसाला स्वेटरची आठवण होत नाही.

इतकं सगळं गोड आहे. पण माणूस तापवायचा म्हटलं की कोणता माणूस आधी, हा प्रश्न येतोच. तो दिसतो न्हाणीघरात. तांब्याच्या बंबाची रचना फार हुशारीची असते. मधोमध नळी, खाली जाळ, भोवती पाणी, धूर वर जाता जाता आपली उष्णता पाण्याला देऊन जातो. बंब पेटवायचा मान मात्र कधी वाटून घेतला गेला नाही. घरातली बाई चारला उठायची, राखेतून कालचा निखारा उकरायची, नाहीतर ओल्या काडीवर फुंकून डोळे लाल करायची. पहिलं कढत पाणी घरच्या म्हाताऱ्याला, मग कामावर जाणाऱ्याला, मग पोरांना. प्रत्येकाच्या बादलीमागे बंबात गार पाण्याची एक भर पडायची. तिची पाळी येईपर्यंत जाळ विझलेला असे आणि पाणी कोमटही नसे. सगळ्या घराची ऊब जिच्या हातातून जायची तिच्या वाट्याला शिळी ऊब यायची. मला बंबाची चकाकी आवडते, पण गिझर आल्यावर आमच्या घरातल्या बायकांपैकी एकीनेही बंबासाठी हळहळ केली नाही, हे मी विसरू शकत नाही. खटका दाबून पहिली अंघोळ करता येते याची किंमत त्यांना विचारावी.

घरातल्या बाईसाठी घराने मुद्दाम ऊब राखून ठेवली ती एकाच वेळी, बाळंतपणात. दारं लावलेली खोली, खाटेखाली शेगडी, ओवा आणि बाळंतशेपाची धुरी, कानाला फडकं. मराठी घरात तापवलेली खोली म्हणतात ती हीच, आणि ती सव्वा महिन्यापुरती. तिच्यात माया होती आणि धोकाही होता. कोंडलेल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि धुराने बाळाचे डोळे-छाती सुजते ते वेगळं. तरी मूळ काळजी खरी होती. गरम मुलखातलं नवजात बाळही गारठतं, वजन कमी असेल तर जीव जाईपर्यंत गारठतं. विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५ पासून ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत औषधांबरोबर बाळाला गुंडाळायला उबदार झबलं-पिशवीही होती. संसर्ग ओळखणं, श्वास चालू करणं, अंगावर पाजणं आणि ऊब, या सगळ्यांतून तिथले नवजातांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, असं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये उबपेट्या पुरेनात तेव्हा एडगर रे या डॉक्टरांनी कमी दिवसांची बाळं आईच्या छातीला उघड्या अंगाने बांधून ठेवायला सुरुवात केली. आज ती पद्धत जगभर आहे. बाळाला ऊब हवी, हे आजीला उमगलं होतं. शेगडी खाटेखालून काढायची आणि बाळ आईच्या पदराआड द्यायचं, एवढीच दुरुस्ती विज्ञानाने केली.

मग आता मेहकरच्या थंडीत उघडा कोण राहतो? घरात बसलेल्याची भागते. स्लॅब गार असला तरी ब्लँकेट स्वस्त झालंय, बादलीतल्या रॉडपासून गच्चीवरच्या सोलरपर्यंत पाण्याची सोय झाली आहे. उघडा राहतो तो हरभऱ्यात. सोयाबीन निघाल्यावर रानात हरभरा, गहू येतो आणि त्याला ओलीत लागतं. शेतीपंपाची वीज पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की माणूस टॉर्च, काठी आणि डोक्याला मफलर घेऊन निघतो. स्प्रिंकलरचा पाईप एका जागी काही तास चालला की उचलून दुसरीकडे न्यायचा, आणि तो उचलताना अंगावर पाणी येणार हे ठरलेलं. विहिरीतून निघालेलं पाणी कोमट असतं, पण ते हवेत उडून भिजलेल्या शर्टावर वारा लागला की त्या कोमटपणाचा काही उपयोग नाही. बांधावर शेकोटी पेटवली तर तिच्यापाशी बसायला सवड नसते. वर साप, रानडुकरं, अंधारात उघडी पडलेली वायर. डिसेंबर-जानेवारीतली ही पहाट जो भोगतो त्याला स्वेटर वाटण्याच्या कार्यक्रमात कधी कोणी बोलावत नाही.

त्याला हीटर नको, घोंगडीही नको. त्याला सकाळी नऊला पंप चालू करता आला पाहिजे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू कागदावर दिवसा वीज देण्याचा आहे. ज्या फीडरवर ती पोचली तिथल्या माणसाची रात्र त्याला परत मिळाली. आपण तिच्याकडे वीजबिलाच्या, अनुदानाच्या, मेगावॉटच्या भाषेत बघतो. पण उन्हावर चालणारी वीज उन्हातच वापरायला मिळणं हीच आमच्या मुलखातली घर तापवण्याची सगळ्यात मोठी योजना आहे. कारण घर तापतं ते माणूस घरात असला तर. हरभऱ्याला रात्रीचं पाणी देणाऱ्याची गोधडी कितीही जाड शिवली, तरी तिच्याखाली तो नसतोच.