ताटात येईल ते

'रेस्टॉरंट' या शब्दाला मराठीने 'उपाहारगृह' असा प्रतिशब्द दिला, त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती : बाहेर खायचे ते फराळापुरते, जेवण घरी. पोटभर जेवण विकत मिळते ती खाणावळ. पुढे 'हॉटेल' या शब्दाने दोहोंनाही गिळले. पण ज्या जागेविषयी आम्हाला लिहायचे आहे ती या तिन्ही शब्दांत मावत नाही. एका लांब टेबलाभोवती जेमतेम सोळा खुर्च्या, बेताचा उजेड, जागा आधी पैसे भरून राखलेली, मेनूकार्ड नाही, आणि रात्री साडेआठला सर्वांनी एकदमच जेवायला बसायचे. मग एकामागून एक नऊ-दहा पदार्थ येतात, प्रत्येक दोन-तीन घासांचा. २०१६ साली महालक्ष्मीला एका जुन्या लोकरीच्या गिरणीच्या आवारात सुरू झालेले 'मास्क' हे ठरलेल्या क्रमाने वाढण्याच्या या प्रकारातले नाव झालेले ठिकाण. आम्ही जेवलो ते त्याच कुळातले, पण पुष्कळ लहान आणि दुसऱ्या एका गिरणीच्या आवारातले. त्याचे नाव देत नाही, कारण आमचा एक माजी विद्यार्थी तिथल्या स्वयंपाकघरात नोकरीला आहे आणि त्याच्याच आमंत्रणावरून आम्ही गेलो होतो. एरवी भिवंडीत मराठी शिकवणाऱ्या आम्हा उभयतांना माणशी साडेपाच हजारांचे जेवण जेवण्याचे कारण पडले नसते.

अशा जागांचे वर्णन करताना जवळीक, आपुलकी, घरगुतीपणा यांचा फार उल्लेख होतो. आम्हाला त्याची गंमत वाटते. 'घरगुती' हा शब्द आपल्याकडे कित्येक वर्षे खाणावळीच्या पाटीवर रंगवलेला आहे.

थोडे मागे जायला हवे. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये 'रेस्टॉरंट' हे आधी जागेचे नाव नव्हतेच. अशक्त माणसाला तरतरी आणणाऱ्या कढणाला ते म्हणत. ते कढण विकणाऱ्या जागेला मग तेच नाव पडले. त्याआधीही लोक बाहेर जेवत होतेच, पण खानावळवाल्याने जे शिजवले असेल ते, त्याने ठरवलेल्या वेळी, अनोळखी माणसांबरोबर एका टेबलाला बसून. रेस्टॉरंटने आणलेली नवलाई अशी, की स्वतंत्र टेबल, छापील यादी, हव्या त्या वेळी हवा तो पदार्थ. म्हणजे निवडीचे स्वातंत्र्य. अडीचशे वर्षांनी या धंद्याच्या अगदी वरच्या टोकाला काय शिल्लक राहिले? एकच टेबल, ठरलेली वेळ, आणि ताटात येईल ते. खाणावळीचाच कायदा पुन्हा लागू झाला आहे, फक्त तो आता चैनीचा भाग झाला आहे.

मुंबईच्या गिरणगावात हा कायदा नाइलाजाचा होता. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले पुरुष एकेका खोलीत पाळ्यांप्रमाणे झोपत, आणि त्यांचे जेवण शेजारच्या चाळीतल्या एखाद्या बाईकडे लावलेले असे. दहा-पंधरा-वीस माणसे, महिन्याचे पैसे पगार झाल्यावर. तोवर शिधा भरायचा तो बाईने, बहुधा वाण्याच्या उधारीवर किंवा सावकाराच्या व्याजावर. या बायकांना संघटित करून बँकेची कर्जे मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. तेव्हा कुठे या कामाकडे 'धंदा' म्हणून बघितले जाऊ लागले. तोपर्यंत ते घरकामच, फक्त वीस माणसांचे.

आणि ती जवळीक सर्वांसाठी होती असेही नाही. खाणावळ लागायची ती गाववाल्याची, नात्यातल्याची, बहुतेक वेळा जातीतल्याची. कोण कुठला हे ठाऊक असणे हाच तिचा पाया. ज्याच्या जातीची विचारणा अपमानासाठी होई, त्याला या आपुलकीपेक्षा पैसे टाकून मुकाट्याने चहा-पाव खाता येईल असे परके टेबल अधिक मोलाचे वाटले असेल. जवळिकीच्या जागेचे दार लहान असते. खाणावळीत ते जातीचे होते, इथे दराचे. आमच्या डाव्या हाताला बसलेल्या गृहस्थांनी आम्हाला पहिल्याच पदार्थाला विचारले, "तुम्ही कुठून?" 'भिवंडी' ऐकल्यावर ते म्हणाले, "अरे वा, आमचे गोडाऊन आहे तिथे." पुढचे दोन पदार्थ होईपर्यंत संभाषण थांबले. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता.

जेवण उत्तम होते हे आधीच सांगायला हवे होते. कुळथाचे कढण लहान वाटीतून आले, वर तुपाचा एक थेंब. अंबाडीची भाजी अंगठ्याएवढ्या तांदळाच्या भाकरीवर. सुक्या बोंबलाची एक कुरकुरीत चकती अशी होती की तिच्याविषयी लिहिताना आत्ताही तोंडाला पाणी सुटते. प्रत्येक पदार्थाबरोबर कोणीतरी स्वयंपाकघरातून येऊन त्याची कथा इंग्रजीत सांगत असे : हे धान्य कुठले, कोणत्या शेतकऱ्याचे, लोक ते कसे विसरले. विसरले कोण, हा प्रश्न आम्हाला अंबाडीपाशी पडला. आमच्या बाजारात आगरी बायका ती जुड्या बांधून विकतात. खाणावळीहून किंवा पंगतीहून मोठा फरक म्हणाल तर आग्रह नाही. दुसऱ्यांदा वाढणे हा प्रकारच तिथे नाही.

कथा सर्वांची सांगितली गेली, फक्त ज्या भिंतींच्या आत बसलो होतो त्यांची नाही. त्या विटा मुद्दाम गिलावा काढून उघड्या ठेवलेल्या होत्या. नारायण सुर्वे यांची कविता किंवा जयंत पवार यांचे १९९७ सालचे 'अधांतर' वर्गात शिकवणाऱ्यांना अशा भिंतीला पाठ लावून जेवताना अवघडल्यासारखे होणारच. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि त्या काळात मालकांनी कापड विणून घेतले ते बाहेरच्या यंत्रमागांवर; त्यात भिवंडी पुढे होती. गिरण्यांतून काढून टाकलेले जुने मागही कमी किमतीत आमच्या गावात आले. म्हणजे आमच्या रस्त्यांवर दिवसरात्र जो खडखडाट चालतो, त्यातला काही याच आवारांतून निघालेला आहे. गिरणी इथे राहिली ती विटांच्या रूपाने. काम तिकडे गेले, आणि कामाबरोबर खाणावळही.

आमच्याकडे तिला 'भिस्सी' म्हणतात (बायकांच्या पैशांच्या भिशीशी याचा घोटाळा करू नये). उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले यंत्रमाग कामगार तिथे दोन वेळचे जेवतात, हिशेब पगारावर. मार्च २०२० मध्ये माग बंद पडले, पाठोपाठ भिस्सी बंद झाल्या, आणि माणसे नाशिकच्या रस्त्याने चालू लागली. मे महिन्याच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरची श्रमिक गाडी सुटली. खोली, काम आणि जेवण यांपैकी कोणते आधी सुटले की माणूस गाव सोडतो, याचे उत्तर त्या आठवड्यांत आम्ही रस्त्यावर पाहिले. भिस्सीचा महिन्याचा दर साडेपाच हजारांशेजारी मांडून दाखवणे फार सोपे आहे, म्हणूनच तो मोह टाळतो.

आमच्या विद्यार्थ्याची आई पद्मानगरात भिस्सी चालवते. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आमच्याकडे बी. ए. आणि मग हॉटेल व्यवस्थापन. सातव्या पदार्थाची कथा सांगायला तोच आला. टेबलाला त्याने ती सफाईने इंग्रजीत सांगितली आणि आमच्यापाशी येऊन मराठीत सांगू लागला, तेव्हा दोन वाक्यांनंतर अडखळला. "सर, मॅडम, याला मराठीत काय म्हणू? 'चिंचेचं सार' म्हटलं की संपलंच ना." आम्ही म्हणालो, तेवढेच म्हण. तो हसला. खरोखर चिंचेचे सारच होते, आणि फार चांगले होते.

नोकरांना वर्षातून एकदा दोन पाहुणे बोलावण्याची मुभा आहे, असे त्यानेच सांगितले होते. निघताना आम्ही विचारले, आईला आणलेस का? दोन वर्षे बोलावले, तो म्हणाला. ती म्हणते, साडेआठला मी तिथे बसले तर इथल्या ऐंशी ताटांचे कोण बघणार? म्हणून या वर्षी तुम्ही.