निवेदकाची दहा मिनिटे

रहस्यकथा एकदाच वाचायची असते, हा समज समीक्षेनेच रुजवलेला आहे. खुनी कोण हे कळले की पुस्तक संपले, अशी त्यामागची धारणा. अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (१९२६) ही कादंबरी मात्र खुनी कळल्यानंतरच वाचण्याजोगी होते.

एडगर ॲलन पोने १८४१ मध्ये द्यूपँची पहिली कथा लिहिली, तेव्हाच या कथाप्रकाराला एक जोडी लाभली: तर्क लढवणारा शोधक आणि त्याच्याकडे थक्क होऊन पाहणारा निवेदक-मित्र. १८८७ मध्ये वॉटसन आला आणि हा मित्र म्हणजे सचोटीची हमी ठरली. त्याची बुद्धी अपुरी पडेल, पण शब्द खोटा पडणार नाही, या अलिखित करारावर पुढे सारा व्यवहार चालला. ख्रिस्तीनेही हेस्टिंग्जच्या रूपाने तो पाळला. मग हेस्टिंग्जची रवानगी अर्जेंटिनाला झाली आणि त्याच्या रिकाम्या जागी किंग्ज ॲबट गावचा डॉक्टर शेपर्ड येऊन बसला. खुनी तोच. (ज्यांनी कादंबरी अद्याप वाचली नसेल त्यांची निराशा समजण्यासारखी आहे, परंतु हे गुपित राखून या संहितेविषयी काहीही बोलता येत नाही.)

वाचकाची फसवणूक झाली अशी तक्रार तेव्हा झाली. रोनाल्ड नॉक्सच्या १९२९ मधील दहा नियमांपैकी पहिलाच नियम, ज्याच्या मनातले विचार वाचकाला कळू दिले आहेत तो गुन्हेगार असू नये, असे बजावतो. डोरोथी सेयर्सने उलट बाजू घेतली: प्रत्येकावर संशय घेणे हे वाचकाचेच काम होय. या वादात एक साधी गोष्ट मागे पडली. शेपर्ड खोटे बोलतच नाही. पत्रे नऊला वीस मिनिटे असताना आली आणि नऊला दहा मिनिटे असताना आपण निघालो, हे तो सरळ नोंदवतो. मधली दहा मिनिटे तेवढी सांगत नाही. उरलेले काम आटोपल्याचे तो लिहितो. काम कोणते, हे विचारायला वाचक थांबत नाही. इंग्रजीत निदान कर्ता उच्चारावा लागतो. मराठीत 'दार लावले' एवढ्यावर भागते, क्रियापद दाराशी जुळते आणि करणारा वाक्यातून नाहीसा होतो. शेपर्डला आपली भाषा अधिक सोयीची पडली असती!

तोदोरोव्हने १९६६ मध्ये रहस्यकथेत दोन कथा पाहिल्या: गुन्ह्याची, जी अनुपस्थित असते, आणि तपासाची, जी वाचकासमोर घडते. एरवी दुसरीचा निवेदक पहिलीपासून निर्दोष असतो. येथे दोन्ही एकाच हातच्या आहेत. म्हणूनच बार्थला १९५३ मध्येच प्रथमपुरुषी निवेदनाच्या चर्चेत खुन्याला 'मी'मागे दडवणारी ख्रिस्तीची कादंबरी आठवली; बूथची 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा तर १९६१ ची. सिद्धान्त मागाहून आला, हे मान्य करायला अभ्यासकांनी संकोचू नये.

या कादंबरीतला सर्वांत चांगला वाचक पॉयरॉ आहे. शेपर्ड आपले हस्तलिखित त्याच्याकडे सोपवतो. पॉयरॉ ते वाचून लेखकाने स्वतःला पडद्याआड ठेवल्याबद्दल त्याची वाखाणणी करतो. ही स्तुती वाटते, पण आहे आरोप. लिहिलेल्यातून न लिहिलेले वाचणे, हीच त्याची तपासाची रीत. साहित्याच्या वर्गात याहून वेगळे काही शिकवले जात असेल असे वाटत नाही.

पिएर बायारने १९९८ मध्ये हीच रीत पॉयरॉवर उलटवली. निवेदक एकदा गाळू शकतो, तर शेवटच्या कबुलीजबाबावर विश्वास का ठेवायचा? आत्महत्येच्या तयारीत असलेला भाऊ कोणाला वाचवत नसेल कशावरून? बायारचा संशय शेपर्डच्या बहिणीवर, कॅरोलाइनवर आहे. हा निष्कर्ष ताणलेला आहे. कॅरोलाइनला खुनी ठरवण्यासाठी तो ज्या दुव्यांवर भिस्त ठेवतो ते लवचीक आहेत. प्रश्न मात्र टिकतो, कारण कबुलीलाही शेपर्डखेरीज दुसरा साक्षीदार नाही. आणि ही कॅरोलाइन, घरबसल्या गावाची बित्तंबातमी काढणारी प्रौढ कुमारिका, ख्रिस्तीला फार आवडत असे. मिस मार्पल कदाचित तिच्यातूनच उगवली असावी, असे तिने आत्मचरित्रात नोंदवले आहे.