न चाललेली गाडी

जुनी गाडी विकणारा आमच्याकडे पहिलं वाक्य हमखास तेच बोलतो. "गाडी चललीच नाय हो. चाकरमान्याची असा. गणपतीक नि मे महिन्यात काय ती भायर काढतत." पहिली गाडी घ्यायला निघालेल्या पोराचे डोळे लगेच चमकतात. मागच्या पडवीत प्लास्टिकच्या कागदाखाली यामाहाची आरएक्स १०० उभी असते. टाकीचा रंग शाबूत, क्रोम जागच्या जागी, मीटरवर किलोमीटर अगदीच थोडे. माझं गॅरेज कसाल-मालवण रस्त्याला आहे आणि अशी गाडी बघायला मला सोबत न्यायची पद्धत पडून गेली आहे. मी जातो, चहा घेतो आणि बहुतेक वेळा 'नको' म्हणतो. पोरगा हिरमुसतो. परतताना त्याचा काका विचारतोच, "मेस्त्री, येवढी कोरी गाडी, नको कित्याक?"

काय बिघडलंय ते बाहेरून दिसत नाही, म्हणूनच नको. फोर-स्ट्रोक गाडीच्या तळाला ऑईल साठलेलं असतं आणि इंजिन त्यात न्हात असतं. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकच्या क्रँकला असा साठाच नाही. गिअरबॉक्सचं ऑईल वेगळं, त्याचा क्रँकशी संबंध नाही. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँकच्या कप्प्यात येतं आणि पिस्टन खाली उतरला की पोर्टमधून वर ढकललं जातं. बेअरिंगना मिळायचं ते वंगण या मिश्रणासोबत आलेल्या टूटी ऑईलच्या धुक्यातूनच. म्हणजे गाडी चालेल तेवढा वेळच वंगण. ती उभी राहिली की बेअरिंगवर एक पातळ थर उरतो, तोही हळूहळू ओघळून जातो. मग जून उजाडतो, चार महिने मिठाची ओल घेऊन वारा घरात फिरतो आणि बेअरिंगच्या पोलादी गोळ्यांवर बारीक खड्डे पडू लागतात. वरचं प्लास्टिक तर आणखी वाईट. ते पाऊस अडवतं, पण आतला दमट वाफारा बाहेर जाऊ देत नाही. दुसरीकडे ऑईल सील सुकून कडक होतात. गणपतीत मालक येतो, किक मारतो, गाडी सुरू होते, सगळे खूश होतात. त्या सात दिवसांत खडबडीत बेअरिंग फिरतात आणि कडक सीलची धार झिजते. मग गाडी परत कागदाखाली जाते ती शिमग्यापर्यंत.

माझे उस्ताद आधी मालवण बंदरावर होड्यांची आऊटबोर्ड इंजिनं दुरुस्त करायचे. तीही टू-स्ट्रोकच. पावसाळ्यात होडी वर ओढली की जाणता माणूस प्लग काढून भोकातून थोडं ऑईल सोडतो, इंजिन हाताने दोन-चार वेळा फिरवतो आणि प्लग परत लावतो. मुंबईला जाणाऱ्याने बसच्या आधी पाच मिनिटं काढून मोटारसायकलचं एवढं केलं, तर माझा अर्धा धंदा बसेल. कोणी करत नाही.

तर बघायचं काय? विकणाऱ्याला आदल्या दिवशी निरोप द्यायचा, "आम्ही येईसर सुरू करू नको." गेल्यावर सिलेंडरच्या पात्यांवर तळहात ठेवायचा. गरम लागल्या तर थंड इंजिन सुरू करायला त्रास होतो हे विकणाऱ्याला ठाऊक आहे. किक आधी हाताने दाबून बघायची. एका जागी ती नीट अडली पाहिजे, लोण्यासारखी खाली गेली तर रिंग आणि बोअर संपले. सुरू झाल्यावर निळसर धूर येणारच, त्याला घाबरायचं नाही, तो गरम होताहोता विरळ होतो. पांढरा दाट धूर निघत राहिला, थांबेचना, तर क्लचकडच्या बाजूचं सील गेलंय आणि क्रँक गिअरचं ऑईल ओढून जाळतोय. मॅग्नेटोकडचं सील गेलं असेल तर तिथून हवा घुसते. मग ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली बसत नाही, गाडी आपोआप किंचाळत राहते. पोरांना हा आवाज आवडतो. प्रत्यक्षात पेट्रोल आणि ऑईल कमी, हवा जास्त, अशा अवस्थेत पिस्टन तापत असतो. पुढची पायरी म्हणजे पिस्टन बोअरला चिकटणं, आणि ते साधारण ओव्हरटेक करतानाच होतं.

शेवटी मॅग्नेटोचं झाकण उघडायचं. विकणारा कुरकुरतो, तरी उघडायचं. आतलं चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवायचं. जरा जरी खेळ लागला, तर मीटर काहीही सांगो, क्रँक बाहेर काढावा लागणार. आरएक्स १०० चा बोअर ५० मिलिमीटरचा आणि स्ट्रोकही ५० चाच. बोअर पाव-पाव मिलिमीटरने वाढवत पूर्ण एक मिलिमीटरपर्यंत नेता येतो, मग मात्र नवी स्लीव्ह. म्हणून किती वेळा बोअर केलीय हे विचारायचं. उत्तर खरं मिळेलच असं नाही, पण हेड उघडलं की पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा खोटं बोलत नाही.

या गाडीचं वेड मला कळतं. नोव्हेंबर १९८५ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने ती आणली. वजन शंभर किलोच्या आतबाहेर आणि ताकद अकरा हॉर्सपॉवर. तेव्हा राजदूत आणि येझदीवर बसलेल्या माणसाला ती उडाल्यासारखीच वाटली असणार. मार्च १९९६ मध्ये, धुराचे नियम कडक होताना, उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात धाकटी आरएक्स १०० सुद्धा हल्लीच्या गिऱ्हाइकापेक्षा वयाने मोठी आहे. आता रंग मारून, नवी सीट घालून लोक लाखाच्या गोष्टी करतात. मला यात राम दिसत नाही. इंजिनात पाहिजे ते पैसे रंगात जातात, आणि शिकाऊ माणसाची गाडी पहिल्या दोन महिन्यांत एकदा तरी आडवी होतेच.

म्हणून मी पोरांना मासेवाल्याची गाडी बघायला लावतो. नाक मुरडतात. पण रोज पहाटे बंदरावर जाणारी, तिथून कट्टा, कसाल, कणकवलीपर्यंत जाऊन दुपारी परतणारी गाडी आतून निरोगी असते. तिच्या बेअरिंगना रोज ताजं ऑईल मिळालेलं असतं, सील ओली राहिलेली असतात. मालक तिच्यावर पोट भरतो, त्यामुळे टूटीत काटकसर करत नाही. तिचा रोग बाहेरून येतो. क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी मागच्या मडगार्डवर, रिमवर, स्पोकवर, चेनवर वर्षानुवर्षं ठिबकलेलं असतं. यातलं सगळं बदलता येतं आणि तेही फार महाग नाही. बदलता येत नाही ती फ्रेम. कॅरिअरच्या खाली, शॉकॲब्सॉर्बर अडकतो त्या जागी आणि स्विंगआर्मच्या बोल्टाजवळच्या वेल्डिंगवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबायचं. रंगाखाली ते आत शिरलं तर मासेवाल्याला रामराम करून निघायचं. त्याच कारणाने देवबाग-तारकर्लीच्या पुळणीतली गाडी मी दोनदा तपासतो आणि ओरोस-कुडाळकडची एकदाच.

आणखी एक अट मी शिकाऊ गिऱ्हाइकावर घालतो. ऑटोलूबचा, म्हणजे ऑईल आपोआप सोडणारा, पंप चालू पाहिजे. पुष्कळांनी तो काढून टाकलेला असतो. पेट्रोलमध्येच ऑईल घालून हलवायचं, झंझट नको, असं सांगतात. जुन्या माणसाला ते जमतं. नवखा पोरगा कॉलेजच्या घाईत एक दिवस कोरं पेट्रोल भरणार आणि कोळंबच्या पुलापर्यंतही पोचणार नाही.

कागदांचं म्हणाल तर इंजिनपेक्षा जास्त घाम तिथेच निघतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी पुन्हा तेच, वर पर्यावरण कर. गोव्याची गाडी असेल तर तिकडच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र. आणि जुनं आरसी बुक ऑनलाईन नोंदीत चढलेलं आहे का, हे पैसे देण्याआधी बघायचं, नंतर नव्हे. आमच्याकडे एक खास भानगड असते. गाडी वारलेल्या आजोबांच्या नावावर आणि वारस चार, बोरिवलीपासून डोंबिवलीपर्यंत पसरलेले. सातबाऱ्यासारखंच. अशा गाडीचा क्रँक कितीही गोड फिरो, मी मॅग्नेटोचं झाकण उघडतच नाही.

चालवण्याबद्दल एकच ताकीद देतो. टू-स्ट्रोकला इंजिनचा ब्रेक जवळजवळ नाही. फोर-स्ट्रोकवर ॲक्सिलरेटर सोडला की गाडी मागे ओढल्यासारखी होते, ही तशीच सुटते. आंबोली किंवा करूळ घाट उतरताना सगळा भार ड्रमब्रेकवर येतो, आणि पावसात ओला झालेला ड्रम पहिल्या दाबाला पकडतोच असं नाही. शिवाय उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवून गाडी लांबवर सोडली, तर पिस्टनला ऑईलही तुटपुंजं जातं. मधूनमधून थोडी रेस द्यायची. आणि एक बोट कायम क्लचवर. इंजिन चिकटल्याचं जाणवलं त्याच क्षणी तो दाबायचा, नाहीतर मागचं चाक घसटत जातं. पहिल्या पावसाळ्यात मी पोरांना घाट चढूच देत नाही. आधी शेवाळलेल्या पाणंदीवर पडून घ्या म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात एका मुलाने शेवटी माझं ऐकलं. आचऱ्याकडच्या एका मासेवाल्याने छोटा टेम्पो घेतला होता, त्याची आरएक्स मोकळी झाली होती. टाकीला पोचा, सीट फाटकी, मागचं मडगार्ड चाळण झालेलं. किंमत पडवीतल्या गाडीच्या निम्मी. मागची रिम, स्पोक, चेन सेट आणि दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलले, सायलेन्सर काढून आतला कार्बन जाळला, इंजिनला हात लावला नाही. मुलगा रोज कुडाळला कॉलेजात जातो तिच्यावर. त्याची आई मात्र माझ्यावर नाराज आहे. गाडी दोनदा रॉकेलने धुतली, लिंबू चोळलं, तरी दुपारच्या उन्हात तिला अजून बांगड्याचा वास येतो, आणि आई ती पडवीत घेऊ देत नाही.