मुका कॅमेरा

आपल्या धर्मग्रामातील काही तरुण आताशा कॅमेरे घेऊन वसईच्या मिठागरांच्या बांधांवर पक्षी टिपताना दिसतात. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात छायाचित्र घेताना आतला आरसा उचलला जातो आणि खट् असा आवाज होतो. पुढे भिंग बदलता येणारे आरसाविरहित कॅमेरे बाजारात आले. अशा अनेक कॅमेऱ्यांत आज आवाज पूर्णपणे बंद करता येतो. काही तर पक्ष्याचा डोळाही आपणहून हेरतात.

परंतु टिटवी बिचकते ती माणसाच्या चाहुलीने. ती उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये बहुधा 4 अंडी घालते. वैशाखाच्या उन्हात त्यांवर स्वतःची सावली धरते. पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते व अंड्यांना गारवा देते. अधिक चांगल्या चित्राच्या लोभाने आपण तेथे रेंगाळलो, तर ती आक्रोश करीत घिरट्या घालते आणि इकडे अंडी तापत राहतात.

म्हणून मी लांब पल्ल्याचे भिंग वापरतो आणि टिटवी ओरडू लागताच मागे फिरतो. तरुणांनाही माझे हेच सांगणे आहे: आईला पिलांपासून दूर ठेवून मिळणारे चित्र न काढलेलेच बरे.